‘स्क्रूटिनाइज’ : एका क्रियापदाची छाननी

संविधान दिन जवळ आला की आखाती देशांतील भारतीयांच्या भ्रमणध्वनींवर एक मजकूर फिरू लागतो. संविधान बेनेगल नरसिंग राव यांनी लिहिले. बाबासाहेबांच्या समितीकडे ते केवळ ‘स्क्रूटिनाइज’ करण्यासाठी, म्हणजे नजरेखालून घालण्यासाठी, सोपविले होते, असा त्याचा आशय असतो. मनामा-मुहर्रकमध्ये वाढणारी आपली मुले हा मजकूर इंग्रजीतूनच वाचतात आणि उत्तरासाठी आपल्याकडे पाहतात. केवळ संतापाने त्यांचे समाधान होणार नाही. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही त्या क्रियापदाचाच विचार करीत आहोत.

‘स्क्रूटिनाइज’ या शब्दाचे मूळ कोशकार लॅटिन भाषेत दाखवितात. तेथील मूळ शब्दाचा अर्थ चिंध्या, टाकाऊ वस्तू असा आहे. चिंध्यांच्या ढिगातून एकेक तुकडा उचलून, उलटून पाहून कामाचे ते वेगळे काढणे, ही या क्रियापदामागील मूळ प्रतिमा होय. मराठीतील ‘छाननी’ हा शब्दही हाताच्या कामातूनच आला आहे. छानणे म्हणजे गाळणे, चाळणे. बहारीनचे मोती-व्यापारी पितळी चाळण्यांतून मोती गाळून आकारानुसार त्यांची प्रतवारी करीत आणि मग ते मोती मुंबईच्या बाजारात जात. चाळणीवर नुसती नजर फिरवून प्रतवारी होत नसे; प्रत्येक मोत्याला चाळणीच्या छिद्राशी सामना करावा लागे.

इंग्रजीत या अर्थच्छटांची उतरंड आहे. ‘ग्लान्स’ म्हणजे ओझरते पाहणे, ‘चेक’ म्हणजे चूक नाही ना एवढी खात्री करणे, ‘एक्झामिन’ म्हणजे तपासणे. ‘स्क्रूटिनाइज’ या सर्वांच्या पुढचे आहे. काहीही गृहीत न धरता अंश-अंश पारखणे, असा त्याचा अर्थ आहे. मुलांनी वापराची एक गोष्टही ध्यानात ठेवावी. हे क्रियापद थेट कर्म घेते. त्याच्यापुढे ‘ऑन’ किंवा ‘इन्टू’ लागत नाही. निवडणुकीत उमेदवारी अर्जांची होते ती ‘स्क्रूटिनी’ हे याचेच नाम. त्या छाननीत अर्ज बाद होऊ शकतो, हे आपण जाणतोच.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधान सभेने मसुदा समिती नेमली. त्या ठरावात ‘स्क्रूटिनाइज’ हे क्रियापद खरोखरच आहे. ते नाकारण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु वाक्य तेथे संपत नाही. मूळ प्रस्तावाला मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी दुरुस्ती सुचविली आणि समितीचे काम स्पष्ट झाले : संविधानिक सल्लागारांच्या मसुद्याची छाननी करावी, त्यात आनुषंगिक व आवश्यक अशा सर्व बाबींचा अंतर्भाव पाहावा आणि समितीने सुधारलेला मसुदा सभेपुढे विचारार्थ ठेवावा. फिरणारा मजकूर पहिले क्रियापद उचलतो आणि उरलेले वाक्य गाळतो.

या छाननीचे फलित आकड्यांत पाहता येते. राव यांच्या मसुद्यात २४३ कलमे व १३ परिशिष्टे होती. समितीने सादर केलेल्या मसुद्यात ३१५ कलमे व ८ परिशिष्टे होती. अंतिम संविधानात ३९५ कलमे व ८ परिशिष्टे आली. मसुद्यासाठी समिती १४१ दिवस बसली. पुढे सभेत सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि मसुद्याची बाजू मांडण्याचा मुख्य भार बाबासाहेबांनी वाहिला. समितीतील कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी परदेशी होते. त्यामुळे मसुद्याचे ओझे अखेर डॉ. आंबेडकरांवर पडले, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहात सांगितले.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. ‘बाबासाहेबांनी एकट्याने, कोऱ्या कागदावर संविधान लिहिले’ असे आपल्या व्यासपीठांवरून सांगितले जाते, तेव्हा विरोधकाला हवी ती फट आपणच करून देतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी श्रेयाचा वाटा बेनेगल राव यांना, समितीतील सहकाऱ्यांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना स्वतः दिला. त्यांनी दिलेले श्रेय आपण लपविण्याचे कारण नाही. राव यांचा मसुदा होता हे मान्य करूनही मसुदा समितीच्या अध्यक्षांचे कार्य तसूभर उणे होत नाही.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात भगवान बुद्ध भिक्खूंना स्वतः तथागताचेच परीक्षण करण्यास सांगतात. सात बोज्झंगांत धम्मविचय आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना हीच वृत्ती ठेवली. वृद्ध, रुग्ण आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी बुद्धीच्या चाळणीत घातली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने या गोष्टी तोवर पाहिल्याच नसतील, हे त्यांना पटले नाही. म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलिय संघर्षाचे कारण मांडले. ज्याच्यावर श्रद्धा, त्याच्या चरित्राचीही छाननी करण्याचे हे धैर्य होते.

येत्या २६ नोव्हेंबरला उद्देशिकेच्या वाचनानंतर घरोघरी मुलांसोबत एवढे करावे, अशी आमची विनंती आहे : तो ठराव आणि २५ नोव्हेंबरचे भाषण मुळातून वाचावे. संविधान सभेचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत आणि मुलांचे इंग्रजी त्यासाठी पुरेसे आहे. मग फिरता मजकूर पुन्हा त्यांच्या हाती द्यावा आणि त्यात नेमके काय गाळले आहे ते त्यांनाच शोधू द्यावे.

जय भीम. नमो बुद्धाय.