‘ड’ डमरूचा की डोडोचा?

मराठी वर्गाच्या भिंतीवर टांगलेला मुळाक्षरांचा जुना तक्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. ग गणपतीचा, ड डमरूचा, म मोराचा, व वाघाचा, ह हत्तीचा. हा तक्ता भारतातून आला, त्याने आपल्या कित्येक मुलांना अक्षरओळख करून दिली आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असलेच पाहिजे. परंतु मॉरिशसच्या रानात वाघ कधी नव्हता आणि हत्तीही नव्हता. आपले मूल शाळेतून घरी येते तेव्हा त्याला वाटेत दिसते ती साळुंकी, उसाचे शेत आणि डोक्यावर धोंडा घेऊन उभा असलेला पीटर बोथचा डोंगर. यांपैकी ‘ऊ उसाचा’ एवढा सोडला तर त्या तक्त्यात काहीच नाही.

आरेखनाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्याच समाजातील एका मुलीने अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून हा तक्ता नव्याने रंगविला आहे. अक्षरे तीच, चित्रे मात्र बेटावरची आणि सगळी गमतीची. तिचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका मुलीच्या कौतुकापुरता नाही. हा तक्ता पाहून आपल्या मंडळींत जी कुजबुज झाली ती मला महत्त्वाची वाटते. कोणी म्हणाले, हा पोरखेळ आहे. कोणी म्हणाले, यात मराठी ते काय? आणि एका सद्‌गृहस्थांनी विचारले की, लिचीचा नाश करणाऱ्या वटवाघळाला तक्त्यावर मानाचे स्थान कशासाठी? तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

प्रथम तक्त्यात काय आहे ते सांगतो. ‘अं’ अंगठ्याचा, आणि तो अंगठा म्हणजे ८१२ मीटर उंचीचा ले पूस. फ्रेंच भाषेत ‘पूस’ म्हणजे अंगठाच! त्याच्या टोकाला तिने शाईचा डाग दिला आहे. अंगठाबहाद्दरांची नातवंडे आता अक्षरे गिरवीत आहेत, हा त्यातला विनोद. १८३६ साली चार्ल्स डार्विन हा डोंगर चढून गेला होता, म्हणून एक दाढीवाला पाहुणा नखावर बसून धापा टाकताना दाखविला आहे. ‘प’ पीटर बोथचा. त्या डोंगराला तिने पाण्याची कळशी डोक्यावर घेतलेल्या आजीचे रूप दिले आहे. ‘क’ केवड्याचा, कारण ज्या झाडावरून वाकवा गावाला नाव पडले ते झाड केवड्याच्याच कुळातले. त्याच्याच पातीच्या पिशवीत आपल्या आज्या बाजार आणीत असत. ‘आ’ आगगाडीचा. जुनी आगगाडी १८६४ मध्ये सुरू झाली, १९५६ मध्ये तिने प्रवासी घेणे बंद केले आणि १९६४ मध्ये मालगाडीही थांबली. २०१९ मध्ये मेट्रोचे उद्‌घाटन झाले, तोपर्यंतच्या दोन पिढ्यांनी हे अक्षर आगगाडी न पाहताच गिरविले. चित्रात वाफेचे म्हातारे इंजिन नव्या मेट्रोला रस्ता दाखवीत आहे. ‘ग’ मात्र तिने गणपतीचाच ठेवला आहे. विसर्जनाला समुद्रकाठी निघालेल्या गणरायाकडे पाण्यातून एक कासव मोठ्या कुतूहलाने पाहत आहे.

आता पहिला आक्षेप, पोरखेळाचा. वाचकहो, आपल्या डोडोचेच उदाहरण घ्या. १५९८ मध्ये डच या बेटावर उतरले आणि शंभर वर्षे व्हायच्या आतच डोडो नाहीसा झाला. तो जिवंत दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची आहे. पुढे युरोपातील चित्रकारांनी त्याला गलेलठ्ठ आणि बावळट रंगविले आणि इंग्रजीत ‘डोडो’ हा मूर्खाला लावायचा शब्द झाला. १८६५ मध्ये ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे पुस्तक निघाले, त्यात जॉन टेनियलने काढलेला डोडो जगभरच्या मुलांनी पाहिला. त्याच वर्षी माएबूरचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांनी मार ओ साँज येथील दलदलीतून डोडोची खरी हाडे बाहेर काढली. हाडे आमच्या मातीत सापडली, पण त्यावरचे चित्र लंडनहून आले. आजचे शास्त्रज्ञ सांगतात की डोडो त्या जुन्या चित्रांइतका लठ्ठ नव्हता. जो चित्र काढतो तोच त्या प्राण्याची लोकांतली ओळख ठरवितो. मग ते चित्र आपल्या मुलांनी काढू नये काय?

आणि डोडोचे एक चांगले चित्र भारतातही काढले गेले होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सतराव्या शतकात सुरतेला दोन डोडो आणलेले होते, असे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. त्याच काळातले, जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरचे मानले जाणारे एक चित्र आज सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यातला डोडो सडपातळ, तपकिरी आणि जिवंत दिसतो. प्रत्यक्ष पाहून काढलेल्या मोजक्या रंगीत चित्रांत तज्ज्ञ त्याची गणना करतात. तेव्हा आमच्या मुलीने डोडो रंगविला तर ती जुन्या आणि मानाच्या वाटेनेच चालली आहे. तिच्या ‘ड’मधील डोडो अळवाचे पान छत्रीसारखे धरून पावसात उभा आहे. यातही एक मर्म आहे. क्रेओलमधील ‘साँज’ म्हणजे आपला अळू. ज्या दलदलीत डोडोची हाडे सापडली तिचे नाव मराठीत सांगायचे तर सरळ ‘अळवाचे तळे’ असे होते. लहानपणापासून हे नाव ऐकूनही त्यात आपल्या घरच्या भाजीचा वास आहे, हे किती जणांच्या लक्षात आले होते?

यातच दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आहे. यात मराठी काय, असे विचारतात. माझे म्हणणे असे की, जी भाषा फक्त आरतीत आणि लग्नपत्रिकेत उरते ती फार दिवस टिकत नाही. आपल्या बहुतेक घरांत दिवसभर क्रेओलच बोलली जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अंगणात दाणे टिपणाऱ्या पाखराला आपण ‘मार्तें’ म्हणतो. ती साळुंकी आहे. अठराव्या शतकात टोळांचा नायनाट करण्यासाठी फ्रेंचांनी ती भारतातून आणली, म्हणजे ती आपल्या आधीची आप्रवासी. तुरेवाल्या ‘कोंदे’ला मराठीत शिपाई बुलबुल असे ऐटबाज नाव आहे. ही नावे मुलांना सांगितली की मराठी त्यांच्या अंगणात येते. आपले पूर्वज बहुतांशी कोकणातून आले. त्यांनी आणलेली जाखडी येथे ‘झाकरी’ झाली, तरी तिला आपण परकी म्हणत नाही. मग या मातीतल्या प्राण्यांना मराठी नावे देणाऱ्या तक्त्यालाच परका का म्हणावे?

नाव म्हणजे नुसता शब्द नसतो, याचा दाखला येथील ससाण्याने दिला आहे. या बेटाबाहेर हा पक्षी जगात कोठेही नाही. लोकांनी त्याला ‘मांझेर द पूल’, म्हणजे कोंबड्या खाणारा, असे नाव दिले आणि बंदुकीने मारले. वास्तविक त्याचे मुख्य खाणे म्हणजे झाडावरच्या हिरव्या पाली. जंगलतोड, डीडीटीसारखी विषे आणि हा खोटा आळ यांमुळे १९७४ मध्ये जगात अवघे चार ससाणे उरल्याची नोंद झाली. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिले वाढवून, घरटी टांगून ही जात वाचविली. आज ते शेकड्यांनी मोजता येतात. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरले होते, तेही सावरले. आपल्या तक्त्यात ‘स’ ससाण्याचा आहे. त्याच्या पंखांखाली एक कोंबडी पिलांसह निर्धास्त झोपलेली दाखविली आहे. एवढ्या एका चित्राने एका पक्ष्यावरचा जुना डाग पुसला जातो. हे काम व्याख्यानाने होणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, कारण तो आपल्या परसातला आहे. डिसेंबर आला की लिची पिकते आणि रात्री वटवाघळे येतात. वर्षभर जपलेल्या झाडाखाली सकाळी अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा पाहिला की कोणालाही संताप येईल. हा संताप मी कमी लेखत नाही. सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये हजारो वटवाघळे मारविली, ती याच तक्रारीवरून. पण २०१८ मध्ये ही जात जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ ठरली. हेही लक्षात घ्यावे की, या बेटाच्या मूळ रानापैकी चांगल्या स्थितीतले जेमतेम दोन टक्के उरले आहे आणि त्या रानातील कित्येक झाडांची बीजे दूरवर नेऊन टाकण्याचे काम हीच वटवाघळे करतात. रान गेले तर ओढे आटतील आणि ओढे आटले तर लिचीलाही पाणी मिळणार नाही. झाडाला जाळी घालणे हा उपाय मारण्यापेक्षा शहाणपणाचा आहे. ‘व’ वटवाघळाचा या चित्रात जाळी घातलेल्या लिचीसमोर वटवाघळांची एक रांग उलटी लटकली आहे, जणू दुकान केव्हा उघडते याची वाट पाहत. पाहणारा हसतो आणि हसता हसता जाळीही पाहतो. भाषणाने चिडलेला माणूस हसल्यावर ऐकण्याच्या मनःस्थितीत येतो, एवढे तरी मान्य करावे.

गमतीलाही मर्यादा असते, ती या मुलीने ओळखली आहे. ‘घ’ घाटाचा. आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या तिने साध्या काळ्या रेषेत काढल्या आहेत, त्यात कोणताही विनोद नाही. ले मोर्नचा डोंगरही तसाच, गंभीर आणि एकटा. गुलामीच्या काळात पळून गेलेल्यांनी ज्याचा आसरा घेतला, त्या डोंगराला टोपी घालणे शोभले नसते. जेथे हसावे तेथे हसणे आणि जेथे मान झुकवावी तेथे थांबणे, हा विवेक वयाने मोठ्या कलावंतांतही नेहमी आढळत नाही.

एका बाबतीत मात्र माझा तिच्याशी मतभेद आहे. तिने येथले मूळ प्राणी आणि बाहेरून आणलेले प्राणी एकाच रांगेत बसविले आहेत. साळुंकी, मुंगूस, माकड, हरीण ही सर्व माणसाने आणलेली. उंदीर मारायला आणलेल्या मुंगसाने येथल्या पाखरांचाही फडशा पाडला. भारतातून आलेला पोपट आज येथल्या मूळच्या पोपटाशी घरट्याच्या ढोलीसाठी भांडतो. तेव्हा प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण असावी: घरचा असेल तर पान, पाहुणा असेल तर होडी. आपण स्वतः होडीतून आलेल्यांची लेकरे आहोत, त्यामुळे त्या खुणेत कोणाचा अपमान नाही. आलेल्याने घरच्या माणसाची जागा बळकावू नये, हा धडा मुलांना आपोआप मिळेल. तसेच प्रत्येक मराठी नावाखाली क्रेओल नावही देवनागरीत लिहावे, म्हणजे आजी आणि नातू दोघांनाही तक्ता वाचता येईल.

आता आपल्या मंडळांकडे एक मागणे. गणेशचतुर्थीला आपण स्मरणिका काढतो. तिची पाने शुभेच्छांच्या मजकुराने आणि पाहुण्यांच्या छायाचित्रांनी भरतात. त्यांतली चार पाने या चित्रांना द्यावीत. जेथे जेथे मराठीचा वर्ग चालतो, तेथे एक एक तक्ता छापून लावावा. महात्मा गांधी संस्थेत येथल्या मुलांसाठी मराठी पाठ्यपुस्तके तयार होत आली आहेत; तेथील जाणकारांना हे काम दाखवावे, म्हणजे शुद्धलेखनाची आणि माहितीची तपासणीही होईल. आणि सर्वांत मुख्य म्हणजे या मुलीला तिच्या कामाचे पैसे द्यावेत. समाजाचे काम म्हटले की ते फुकट करून घेण्याची आपल्याला सवय आहे. मंडपवाल्याला आपण पैसे देतो, आचाऱ्याला देतो, चित्रकाराला मात्र शाल आणि नारळ देऊन वाटेला लावतो. अशाने उद्या ही मुलगी पर्यटकांच्या दुकानांसाठी डोडोच्या किल्लीसाखळ्या रंगवील आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

जुना तक्ता भिंतीवरून काढावा, असे मी म्हणत नाही. मोर आणि डमरू राहू द्यावेत, ते आपल्या आजोळचे आहेत. त्यांच्या शेजारी एक खिळा आणखी ठोकावा आणि हा नवा तक्ता टांगावा. गणेशचतुर्थीला अजून अवकाश आहे. मंडळांच्या पुढच्या सभेत हा विषय कोणीतरी मांडावा, एवढीच विनंती.