पाणी गाळून पिता, मग मातीवरून वाहू का देता?



आपण पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. पाण्यात अपकाय जीव आहेत म्हणून नळसुद्धा जपून सोडतो. आणि गॅलरीतल्या तुळशीला मात्र तांब्यामागून तांब्या घालतो! पाणी लगेच खालच्या ताटलीत, तिथून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. तरी तक्रार आहेच, "रोज पाणी घालते, पण झाड सुकतंच."

अहो, झाडाला पाणी मिळतच नाही! नर्सरीतली लाल माती वाळली की विटेसारखी घट्ट होते. कोकोपीट पार सुकलं की तेही सुरुवातीला पाणी घेत नाही. माती आक्रसून कुंडीच्या कडेला फट पडते आणि सगळं पाणी त्या फटीतून निघून जातं. वर ओल, मुळं कोरडी.

यावर कुणी पाणी धरणारे जेलचे दाणे विकत आणतं. पैसे कशाला घालवायचे? मातीला हवा आहे कुजलेला पालापाचोळा. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी हेच आयुष्यभर सांगितलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यातून बाग फुलवून दाखवली.

माझ्या सासूबाई म्हणतात, "खतात जीव पडतात, आपल्याला चालत नाही." त्यांच्या मनातली भीती मला कळते. पण तीच सालं पिशवीत बांधून कचरागाडीत टाकली, तर तिथे जीव पडत नाहीत का? फक्त आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. म्हणून मी पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं खतच घेते आणि हलक्या हाताने मिसळते.

आता करायचं काय? सुकलेली कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला. पुढच्या वेळी कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग भिजवलेलं कोकोपीट घ्या. वर सुक्या पानांचा थर द्या. बोट दोन पेरं खुपसून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. ताटलीत पाणी साचू देऊ नका. डास होतील, मग त्यांना मारायचं पाप कुणाच्या माथी?

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, म्हणून आपण निर्धास्त आहोत. पण अपरिग्रह फक्त कपाटातल्या साड्यांपुरता नसतो. गरजेपेक्षा जास्त ओतलेला तांब्यासुद्धा परिग्रहच.