ताजमधलं भूत गोऱ्या साहेबाचं, मग नकाशा कुणाचा?

आमच्या वस्तीवरच्या शाळेची सहल यंदा मुंबईला गेली होती. राणीची बाग, म्युझियम, गेटवे असा नेहमीचा फेरा. पोरगी सातवीत आहे. रात्री उशिरा घरी आली, हातपाय धुतले आणि भाकरीचा पहिला घास मोडायच्या आत तिने बातमी दिली, "अप्पा, ताज हॉटेल उलटं बांधलंय. ज्या साहेबाने नकाशा काढला त्याने ते बघून वरून उडी टाकली. अजून रात्री फिरतो तो तिथं."

कुणी सांगितलं म्हणून विचारलं. गेटवेवर फोटो काढणाऱ्या एकाने सांगितलं म्हणे. मग येताना बसमध्ये कुणाच्या तरी मोबाईलवर तसाच व्हिडिओ निघाला. झालं. चाळीस पोरं तीच गोष्ट घेऊन तालुक्यात परतली.

भुताच्या गोष्टीचं मला वावडं नाही. रात्री दाऱ्यावर पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला मुंजा, खवीस सगळे ओळखीचे असतात. पण ताजची ही गोष्ट नुसती भीतीची नाही. तिच्यात एका माणसाचं काम काढून दुसऱ्याच्या नावावर लावलंय, आणि ज्याचं काम गेलं तो माणूस मराठी होता. सातबारावर असा फेरफार झाला असता तर आपण तलाठ्याकडं खेटे घातले असते. इथं मात्र कुणाचीच हरकत नाही. म्हणून हा विषय घेतला.

गोष्ट काय सांगतात

पर्यटनाच्या पानांवर, व्हिडिओत, गाईड लोकांच्या तोंडी गोष्ट एकच आहे. डब्ल्यू. ए. चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुकाराने ताजचा नकाशा केला. काम मुकादमांवर सोपवून तो विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर हॉटेलचं तोंड समुद्राकडं पाहिजे होतं ते गावाकडं झालेलं, आणि पाठ समुद्राकडं. इथल्या अडाणी लोकांनी नकाशा उलटा धरला. साहेबाला ते सहन झालं नाही, त्याने जीव दिला. तेव्हापासून जुन्या इमारतीत तो फिरतो. कुणाला त्रास देत नाही, नुसता फिरतो.

आता या गोष्टीत दोन गोष्टी गुपचूप शिरल्यात बघा. डोकं साहेबाचं होतं, ही एक. आणि चूक आपल्या लोकांची होती, ही दुसरी. भुताची भीती सकाळपर्यंत जाते. या दोन गोष्टी मात्र पोरांच्या डोक्यात राहतात.

घडलं काय

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं गाव सोडून पळत होती, धंदे बसले होते. त्याच काळात जमशेदजी टाटांनी अपोलो बंदरावर मोठं हॉटेल उभं करायचं ठरवलं. हे काम त्यांनी दिलं रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांच्याकडं. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. म्हणजे मूळ आराखडा या दोघा देशी माणसांचा.

हे वैद्य कुणी ऐरेगैरे नव्हते. मुंबईचं बोरीबंदर स्टेशन, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलं गेलं. त्याचे वास्तुकार म्हणून एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं नाव सगळ्यांना पाठ आहे. त्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता हेच सीताराम खंडेराव वैद्य होते. स्टेशनला २००४ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपण गाडीतून उतरतो, वर घुमटाकडं बघतो आणि पुढं जातो. त्या घुमटाखालच्या कामात वैद्यांचा हात होता हे आपल्याला कुणी शाळेत सांगितलं नाही.

ताजचं काम चालू असताना १९०० साली वैद्य हिवतापाने गेले. काम अर्ध्यावर. मग ते पुरं करायला डब्ल्यू. ए. चेंबर्स आले. बांधकामाचे ठेकेदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर. ताजचा मधला प्रसिद्ध जिना, जो आधाराशिवाय तरंगल्यासारखा दिसतो, तो त्यांच्याच डोक्यातला. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. पुढं पाचच महिन्यांत, मे १९०४ मध्ये, जमशेदजी जर्मनीत वारले.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. चेंबर्स आले ते वैद्य गेल्यावर, चालू कामावर. ज्याने मूळ नकाशा काढलाच नाही, तो आपला नकाशा उलटा झाला म्हणून जीव कसा देईल? आणि चेंबर्सनी ताजवरून उडी मारली याचा पुरावा आजवर कुणी पुढं ठेवलेला नाही. त्या बांधकामाच्या काळात खरोखर मेलेला वास्तुकार एकच, सीताराम वैद्य. तोही उडी मारून नाही, तापाने. गोष्टीने त्याचं मरणसुद्धा उचललं आणि साहेबाला दिलं. वडाची साल पिंपळाला म्हणतात ती ही.

उलटं की सुलटं?

आता मुद्द्याचं. ताज खरंच उलटं आहे का?

यात एक गोष्ट खरी आहे. सुरुवातीला ताजचं मुख्य दार आजच्यासारखं समुद्राच्या बाजूला नव्हतं, मागं होतं, गावाच्या बाजूला. आज तिथं पोहण्याचा तलाव आहे. इमारतीच्या दोन बाजू त्या अंगणाला कवेत घेतात. घोडागाड्या शहरातून यायच्या त्या त्या अंगणात यायच्या. नंतरच्या काळात दार समुद्राकडं नेलं आणि अंगणात तलाव झाला. त्यामुळं आज गेटवेजवळ उभ्या माणसाला दार समोर दिसतं, आणि जुनं दार मागं होतं हे ऐकल्यावर त्याला वाटतं, हे तर उलटं होतं.

आणि गेटवे तरी तेव्हा कुठं होतं? पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली आला, गेटवेची पायाभरणी त्यानंतर झाली. कमान पुरी होऊन उघडली ती डिसेंबर १९२४ मध्ये. म्हणजे ताज उघडल्यावर तब्बल एकवीस वर्षांनी. आपण आजचं चित्र डोळ्यापुढं धरतो आणि १९०३ च्या माणसाला विचारतो की तू गेटवेकडं पाठ का केलीस!

दुसरं, ज्याने आयुष्यात एक खोली जरी बांधली असेल त्याने विचार करावा. पाया खणायच्या दिवशी दोरी लावतात, फक्की मारतात. घराचं तोंड कुणीकडं, हे त्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या माणसालाही कळतं. माझा गोठा बांधताना गवंड्याने दाराची जागा हातभर सरकवली, तर शेजारचा म्हातारा बांधावरून ओरडला. आणि इथं समुद्राकाठी अनेक वर्षं चाललेलं, भल्यामोठ्या खर्चाचं काम. मालक जमशेदजींसारखा बारकाईने बघणारा, राहायला मुंबईतच. वर ठेकेदार, अभियंते, पालिकेची माणसं. यांच्यापैकी एकालाही कळलं नाही की हॉटेल उलटं चाललंय, आणि बोटीतून उतरलेल्या साहेबाला एका नजरेत कळलं? ही गोष्ट पायाच्या पहिल्या खड्ड्यातच बसते.

हीच गोष्ट ग्लासगोत

बरं, ही गोष्ट फक्त ताजची असती तरी एक वेळ समजलं असतं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहर आहे. तिथं केल्विनग्रोव्ह नावाचं मोठं संग्रहालय १९०१ साली उघडलं. तिथली लोकं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की ते उलटं बांधलं गेलं, पुढची बाजू मागं गेली, आणि वास्तुकाराने ते बघून मनोऱ्यावरून उडी मारली. हुबेहूब आपली गोष्ट. तीच उलटी इमारत आणि तीच उडी.

खरं काय? संग्रहालयाचं तोंड बागेकडं ठेवायचं हे आधीच ठरलेलं होतं, कारण १९०१ चं मोठं प्रदर्शन त्याच बागेत भरणार होतं. आणि उडी मारून मेलेला म्हणतात तो जॉन सिम्प्सन त्यानंतर तीस वर्षांहून जास्त जगला. लंडनचं जुनं वेम्ब्ली स्टेडियम १९२३ मध्ये उभं राहिलं, त्याच्या वास्तुकारांत हा सिम्प्सन होता. तो वारला १९३३ साली.

म्हणजे ही फिरती गोष्ट आहे. टोळधाडीसारखी एका गावातून दुसऱ्या गावात बसते. जिथं इमारतीचं दार रस्त्याच्या विरुद्ध अंगाला दिसलं, तिथं ती उतरते.

अशा सगळ्याच गोष्टी खोट्या असतात असंही नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराचं ऑपेरा नाट्यगृह बांधलं जात असताना समोरच्या रस्त्याची पातळी वर आली आणि इमारत खाली बसल्यासारखी दिसायला लागली. लोकांनी तिला बुडालेली पेटी म्हणून हिणवलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं. दोन वास्तुकारांपैकी व्हान डेर न्युल याने एप्रिल १८६८ मध्ये गळफास घेतला. दुसरा दोनच महिन्यांत आजाराने गेला. नाट्यगृह १८६९ मध्ये उघडलं, ते बघायला दोघंही नव्हते. तिथं खरा माणूस खरा मेला, म्हणून त्याचं नाव, महिना, साल, सगळं सांगता येतं. खऱ्या मरणाला तारीख असते. ताजच्या साहेबाच्या मरणाची तारीख विचारा, गोष्ट सांगणारा विषय बदलतो.

तिथं खरे कोण गेले

ताजमध्ये माणसं मेली नाहीत असं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आत शिरले. पुढं तीन दिवस आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, घुमटाजवळून धूर निघताना बघत होतो. त्या हल्ल्यात ताजमध्ये ३१ जीव गेले. त्यात पाहुणे होते आणि हॉटेलात काम करणारी माणसंही होती. स्वयंपाकघरातली, वाढणारी माणसं पाहुण्यांना बाहेर काढत होती. गेलेल्यांची नावं हॉटेलात कोरून ठेवली आहेत. जळालेली जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली.

मला खटकतं ते इथं. ज्या इमारतीत एवढं खरं घडलं, जिथं नावानिशी माणसं गेली, त्या इमारतीसमोर उभं राहून आपण पोरांना सांगतो काय, तर न मारलेल्या उडीची गोष्ट.

आपल्याकडचा साहेब

मुंबईवर बोलणं सोपं आहे, म्हणून घरचंही सांगतो. आमच्या भागाला पाणी देणारा नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला, १८८० च्या दशकातला. कालव्यावर जुने बंगले आहेत. त्यातल्या एकाबद्दल आमच्याकडं लहानपणापासून ऐकतोय की रात्री व्हरांड्यात गोरा साहेब चिरूट ओढत बसतो. मीही ती गोष्ट पोरांना सांगितली आहे, खोटं कशाला बोलू.

परवा ताजची गोष्ट उलगडताना पोरगीनेच विचारलं, "मग अप्पा, आपल्या कालव्याचा साहेब तरी खरा का?" मला उत्तर देता येईना. पण तिला एवढं सांगितलं की कालवा साहेबाने एकट्याने खणला नाही. पाथरवट होते, वडार होते, पाट्या टाकणाऱ्या बाया होत्या. मैलोन्‌मैल माती त्यांनी उचलली. त्या बंगल्याचा एकेक दगड कुणीतरी छिन्नीने घडवला. त्यांच्यापैकी एकाचंही भूत आमच्या गोष्टीत नाही. गोष्टीत राहायलासुद्धा साहेबच लागतो.

करायला फार मोठं काही नको. पुढच्या सहलीला जाणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती, की गेटवेवर पोरांना उभं केलं की समोर बोट दाखवून सीताराम खंडेराव वैद्य हे नाव सांगा. बोरीबंदरला गाडीत बसण्याआधी तेच नाव पुन्हा सांगा. भुताची गोष्टही सांगा हवं तर, पण ती कशी खोटी ठरते तेही सांगा. पोरांना त्यात जास्त मजा येते, हा घरचा अनुभव आहे.

आणि कालव्याचं म्हणाल तर परवा पाळी नसताना वेळ काढून खालच्या वस्तीवर गेलो. नव्वदीच्या पुढचे एक आजोबा आहेत, पिढीजात दगडाचं काम केलेले. बंगल्याचा विषय काढला तर म्हणाले, "साहेबाचं मला काय ठावं नाही. पर आमचा पणजा होता त्या कामावर." पणज्याचं नाव विचारलं. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले, मग बापाचं, आज्याचं करत नाव सांगितलं. मी खिशातली वही काढून लिहून घेतलं. अजून कुणाच्या घरात असं नाव असेल तर कळवा, वहीत जागा पुष्कळ आहे.