व्हिटॅमिनच तर आहे!

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. सेमिस्टरची परीक्षा, प्रोजेक्ट सबमिशन, रोजचा डोंबिवली-ठाणे प्रवास, आणि या सगळ्यात कंगव्यात रोज वाढत जाणारा केसांचा गुंता. मैत्रीण म्हणाली, ‘बायोटिन सुरू कर, दोन महिन्यांत फरक बघ.’ संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून बाटली घेतली. चिठ्ठी त्यांनी मागितली नाही, माझ्याकडेही नव्हती. बाटलीवर ठळक अक्षरांत १०,००० मायक्रोग्रॅम. आकडा एवढा मोठा म्हणजे गोळी भारीच असणार, असं मी ठरवूनही टाकलं.

दीडेक महिन्याने आईच्या हट्टापायी रक्त तपासलं. केस गळतात म्हणजे थायरॉइड असेल, हे तिचं निदान. रिपोर्टमध्ये टीएसएच पार तळाला, टी-फोर मर्यादेच्या वर. पुढच्या दोन रात्री मी मोबाइलवर थायरॉइडचे सगळे आजार वाचून काढले. बाबांनी नात्यातल्या तीन जणांना फोन केले. आई काही बोलली नाही, पण जेवलीही नाही नीट.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी माझ्याकडे बघितलं. ‘छातीत धडधडतं? वजन उतरलंय? हात थरथरतात?’ तिन्हींचं उत्तर नाही. ‘गोळ्या काय घेतेस?’ ‘काहीच नाही.’ ‘नक्की?’ ‘म्हणजे... बायोटिन घेते. पण ते काय, व्हिटॅमिनच तर आहे!’

त्यांनी कपाळाला हात लावला. गोळी बंद करून चार दिवसांनी पुन्हा तपासणी. रिपोर्ट अगदी नॉर्मल! माझ्या थायरॉइडला काहीही झालं नव्हतं. थायरॉइडच्या अनेक चाचण्यांच्या रसायनांमध्येच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की मशिनचं गणित चुकतं आणि चांगल्या माणसाचा रिपोर्ट आजारी येतो. उलटंही होतं. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन चाचणी बायोटिनमुळे खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, त्यात अशा चुकीच्या रिपोर्टनंतर दगावलेल्या एका रुग्णाचा उल्लेख आहे. आपल्याला दिवसाला बायोटिन लागतं ३०-४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. मी घेत होते त्याच्या अडीचशे पट. आणि केस? ते परीक्षा संपल्यावर आपोआप कमी गळायला लागले.

आकडा वाचतो कोण?

माझं तर दोन रात्रींच्या धास्तीवर निभावलं. कल्याणच्या माझ्या एका मित्राचं तसं झालं नाही. जिममध्ये त्याला कुणीतरी सांगितलं, ‘डी घे, बोन्स स्ट्राँग होतात.’ मेडिकलमध्ये मिळणारी ६०,००० युनिटची पावडरची पुडी तो रोज दुधात टाकून प्यायला, दोन महिने. ही पुडी डॉक्टर साधारणपणे आठवड्यातून एक, तीही ठरावीक आठवडे, असं लिहून देतात. त्याला मळमळ सुरू झाली, पोट साफ होईना, सतत तहान, सतत लघवी. तो म्हणायचा, प्रोटीन पावडर सोसत नाहीये. शेवटी रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं आणि सलाइन लावून हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं. किडनी वाचली, हे नशीब.

साधं गणित करून बघा. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट, आणि सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० युनिट. म्हणजे माझा मित्र रोज गरजेच्या १०० पट आणि कमाल मर्यादेच्या १५ पट घेत होता. ड चरबीत साठतं, त्यामुळे पुडी बंद केली तरी त्याचा परिणाम कितीतरी आठवडे राहतो. हे काही त्याच्या एकट्याचं दुर्दैव नाही. जिथे ड ची कमतरता घरोघरी आहे त्या काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्येच अशा, ड अति झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. कमतरता जिथे जास्त, तिथेच अतिरेकही होतो, कारण औषध प्रत्येकाच्या हाताशी असतं.

‘जास्तीचं निघून जातं’

हे वाक्य आमच्या कट्ट्यावर रोज ऐकू येतं. बी आणि सी पाण्यात विरघळतात, नको असलेलं शरीर बाहेर टाकतं, मग काय बिघडतं? अर्धं खरं आहे. पण बी-६ बराच काळ जास्त घेतलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बी-६ ची मोठ्या माणसांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला २५ वरून थेट १२ मिलिग्रॅमवर आणली. कोविडच्या काळात घराघरांत चघळल्या गेलेल्या सी च्या गोळ्यांचंही तसंच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात सी च्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांमध्ये मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट दिसलं.

आणि टपरीवर एका हातात सिगारेट धरून ‘मी मल्टिव्हिटॅमिन घेतो रे’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष स्मोकर्सवर मोठा प्रयोग झाला. गाजरात असतं ते बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! गाजर खाणं वेगळं आणि गाजराचा अर्क गोळीत भरून रोज गिळणं वेगळं.

मग गोळ्या घ्यायच्याच नाहीत?

असं मी म्हणत नाहीये. आपल्या भागातलं आयुष्य बघा ना. सकाळी सातच्या आत लोकल, दिवसभर वर्गात नाहीतर एसी ऑफिसात, परत येईस्तोवर अंधार. ऊन अंगावर पडतं ते फूटओव्हर ब्रिज चढताना. त्यामुळे ड कमी असणाऱ्यांची संख्या मोठी असणारच. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी पडतं, मुलींमध्ये लोह कमी असतं. हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांना खरी औषधं लागतात. ज्यांना डॉक्टरांनी दिलीत त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नयेत, प्लीज.

माझं भांडण आहे ते ‘थकवा आला, गोळी घे’ या सवयीशी. पाच तास झोप, नाश्त्याला वडापाव, दुपारी कँटीनचा चहा आणि संध्याकाळी चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर काढून प्रवास. या थकव्याचं नाव कमतरता नाही. पण झोप मेडिकलमध्ये मिळत नाही, गोळी मिळते. आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि रील बनवणाऱ्याला डिस्काउंट कोडचं कमिशन. मेडिकलवाल्यांनीही ६०,००० ची पुडी देताना ‘आठवड्यातून एकच हं’ एवढे तीन शब्द बोलायला काय हरकत आहे?

त्या रिपोर्टनंतरच्या रविवारी मी घरातले सगळे डबे डायनिंग टेबलावर ओतले आणि मागची बारीक अक्षरं वाचली. माझ्या तीन बाटल्यांमध्ये बी-६ तीनदा होतं. एकीवर तर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापलेलं होतं आणि मी ती औषध म्हणून घेत होते. मग आईची पाकिटं निघाली. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून १, ८ आठवडे’. तिचा पाचवा महिना चालू होता. ‘अगं, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून घेते, व्हिटॅमिनच तर आहे,’ ती म्हणाली. हे वाक्य मी कुठून उचललं होतं, ते तेव्हा कळलं.

तिची तपासणी केली, सगळं ठीक आहे. आता आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. कोण, कोणती गोळी, कुणी सांगितली, कधी बंद करायची. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. या रविवारी तुमच्याही घरी असा कागद लावा. आणि रक्त तपासायला जाल तेव्हा त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. डॉक्टरांनी ‘गोळ्या काय घेतेस?’ विचारलं की ‘काहीच नाही’ म्हणू नका.