सूड नाकारणारा सिनेमा

‘फनी गेम्स’ पाहून संतापलेल्या प्रेक्षकाला ‘तुला सिनेमा कळलाच नाही’ असं सांगून गप्प बसवणं सोपं आहे. या सिनेमाचे चाहते वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत. मला ते मान्य नाही. ‘नुसता छळ आहे’, ‘दोन तास फुकट गेले’, ‘असा कुठे शेवट असतो का’ असं म्हणणारा माणूस स्वतःला खरोखर झालेल्या त्रासाबद्दल बोलत असतो, आणि हा सिनेमा डोक्यावर घेणाऱ्यांच्या विद्वत्तेपेक्षा मला तो त्रास मोलाचा वाटतो. म्हणून त्याचे आक्षेप आधी पूर्ण जोरात मांडले पाहिजेत. त्यांतले बहुतेक मला पटत नाहीत. एक मात्र पटतो, आणि तो ज्याच्यावर रोखला पाहिजे तो माणूस खुद्द दिग्दर्शक आहे.

मायकेल हानेके यांनी हा सिनेमा दोनदा केला. पहिल्यांदा 1997 मध्ये ऑस्ट्रियात, जर्मन भाषेत. त्या वर्षीच्या कान महोत्सवात तो स्पर्धेत होता आणि कितीतरी लोक मध्येच उठून गेले. दहा वर्षांनी त्यांनीच तो अमेरिकेत इंग्रजीत पुन्हा उभा केला. नेओमी वॉट्स आणि टिम रॉथ हे जोडपं, मायकेल पिट आणि ब्रेडी कॉर्बे ते दोन तरुण. मार्च 2008 मध्ये हा रीमेक अमेरिकी चित्रगृहांत लागला. कथा दोन ओळींत संपते. आई, वडील आणि लहान मुलगा सुट्टीसाठी तळ्याकाठच्या बंगल्यात येतात. पांढरे हातमोजे घातलेला एक सभ्य पोरगा शेजाऱ्यांसाठी अंडी मागायला दारात उभा राहतो, पाठोपाठ दुसरा येतो, आणि उद्या सकाळी नऊपर्यंत तुम्ही तिघेही मेलेले असाल अशी ते पैज लावतात. पैज ते जिंकतात.

पहिला आक्षेप असा की हा हिंसेचा बाजार आहे आणि वर हिंसेविरुद्धचं प्रवचनही आहे. बाजाराचा आरोप टिकत नाही, कारण दुकानात मांडण्याजोगा मालच इथे नाही. मुलगा मारला जातो तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात आहे. दोघांपैकी एक जण, पॉल, तिथे स्वतःसाठी सँडविच करतो आहे आणि आपल्याला बाहेरच्या खोलीतून फक्त आवाज येतात. कुत्रा कसा मेला ते दिसत नाही. शेवटी आईला नावेतून पाण्यात ढकललं जातं तेही हातातली वस्तू टाकून द्यावी इतक्या सहज, ना झटापट ना किंकाळी. गोळी लागून माणूस मागे फेकला जातो हे पडद्यावर एकदाच दिसतं, आणि तो माणूस मारेकऱ्यांपैकी आहे. आई झडप घालून बंदूक उचलते आणि दुसऱ्या तरुणाला, पीटरला, उडवते. पुढच्याच क्षणी पॉल घाईघाईने टीव्हीचा रिमोट शोधतो, सिनेमा मागे नेतो, आणि या वेळी तिच्या हाती बंदूक लागूच देत नाही.

सगळा राग इथे साचतो. मी ज्यांच्याशी या सिनेमावर वाद घातला आहे त्यांतले बहुतेक जण मुलाच्या मृत्यूपर्यंत कसेबसे टिकले होते, रिमोटपाशी मात्र उसळले. ‘ही फसवणूक आहे, आम्ही इतकं सोसलं ते कशासाठी?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. थरारपटाचा प्रेक्षकाशी एक अलिखित करार असतो. तू आता भीती सोस, शेवटी तुला सूड मिळेल. हानेके तो करार मोडतात, आणि तोही चोरून नाही, आपल्या डोळ्यांसमोर.

ते हे का करतात, याचं त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर मला पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की प्रेक्षकाला त्याच्या रक्तपिपासूपणाचा आरसा दाखवायचा होता. कानमध्ये पीटरला गोळी लागताच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि रिमोट येताच सगळे गप्प झाले, असं त्यांनी सांगितलं आहे. आपण एका खुनाला टाळ्या दिल्या हे लोकांना कळलं, असा त्याचा अर्थ ते लावतात. जो उठून जातो त्याला या सिनेमाची गरज नाही आणि जो बसून राहतो त्याला आहे, असंही ते म्हणतात. या मांडणीत प्रेक्षक कसाही वागला तरी निकाल दिग्दर्शकाच्याच बाजूने लागतो. दिग्दर्शक आपल्यालाच गुन्हेगार ठरवतो, ही प्रेक्षकाची तक्रार इथे शंभर टक्के खरी आहे. पॉल अधूनमधून कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मिचकावतो, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात असं आपल्याला विचारतो, तुम्हाला साजेसा शेवट हवा असेल ना असं म्हणतो. या सिनेमातल्या सगळ्यात कच्च्या जागा त्याच. त्या आईने, अॅनने, गोळी झाडावी असं मला वाटतं ते रक्त पाहण्याच्या हौसेने नाही. तासभर मी त्या बाईच्या शेजारी बसलो आहे, तिचं मूल गेलेलं मी ऐकलं आहे, आणि ती जगावी असं मला वाटतं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही तेच वाटलं असणार. एखाद्या आईने सुटावं ही इच्छा म्हणजे पाप नव्हे, आणि हे जर हानेके यांना दिसत नसेल तर त्यांना स्वतःचाच सिनेमा पुरता दिसलेला नाही.

त्यांनी दिलेलं कारण चुकीचं असलं तरी रिमोटचा तो प्रसंग बरोबर आहे.

तो नसता तर काय झालं असतं, याचा विचार करू. पीटर मेला असता, पॉल पळाला असता किंवा तोही मेला असता, आई-वडील जखमी होऊन का होईना जगले असते. आपण घाम पुसत चित्रगृहाबाहेर पडलो असतो. आणि तो मुलगा? त्याचं मरण सुडाचं कारण होऊन बसलं असतं, कथा पुढे ढकलायला खर्ची पडलेलं. हजारो सिनेमांत हेच होतं. पहिल्या अर्ध्या तासात कोणाची तरी बहीण, बायको किंवा मूल मारलं जातं, त्या मरणाचा हिशेब शेवटच्या मारामारीत चुकता होतो, आणि ज्याचं मरण फिटलं त्याला आपण विसरतो. इथे हिशेब चुकता होत नाही, म्हणून मुलाचं मरण शेवटपर्यंत मरणच राहतं.

या सिनेमाचं सगळं सत्त्व माझ्या मते एका शॉटमध्ये आहे, आणि चिडलेले प्रेक्षक नेमका त्यालाच कंटाळवाणा म्हणतात. मुलाला मारून दोघे अचानक निघून जातात. टीव्हीवर मोटारींची शर्यत चालू आहे, पडद्यावर रक्त उडालं आहे. कॅमेरा दिवाणखान्याच्या एका टोकाला उभा राहतो आणि जवळजवळ हलत नाही. हातपाय बांधलेली अॅन बराच वेळ नुसती बसून असते. मग कशीबशी उठते, बांधल्या पायांनी उड्या घेत टीव्हीपर्यंत जाते आणि तो बंद करते. पुढे नवऱ्याच्या तोंडून जो आवाज फुटतो तो रडण्याचा आहे हे कळायलाही थोडा वेळ लागतो. हे सगळं जवळपास दहा मिनिटं, एकही कट न घेता. थरारपटात शोकाला इतका वेळ कोणी देत नाही. पात्राने दोन हुंदके द्यायचे आणि लगेच हत्यार शोधायला लागायचं, अशी तिथली रीत. या दहा मिनिटांत काहीच घडत नाही, असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारीन की मूल गेल्यावर त्या घरात आणखी काय घडायला हवं होतं?

‘कारण नसताना असं कोण करतं?’ हाही आक्षेप नेहमीचा. पॉल आणि पीटर स्वतःच आपल्या कारणांची थट्टा करतात. कधी फुटलेलं घर, कधी अमली पदार्थ, कधी श्रीमंतीचा कंटाळा अशा कहाण्या सांगतात आणि त्यातली एकही खरी नसते. हे परदेशी डोक्यातलं खूळ आहे असं निदान पुण्यातल्या माणसाने म्हणू नये. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात या शहरात दहा खून झाले, त्यांतले बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत शिरून. करणारी पोरं एका कला महाविद्यालयातली होती. त्यांनी चोरी केली हे खरं, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण चोरीसाठी घरातल्या प्रत्येकाचा जीव घ्यावा लागत नाही. हे ‘जोशी-अभ्यंकर’ खून म्हटले की आजही त्या वेळचे पुणेकर सांजवेळी दाराला लागणाऱ्या कड्यांबद्दल बोलतात. त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट जाणवते. मारेकरी कोण होते, माफीचा साक्षीदार कसा फुटला, 1983 मध्ये येरवड्यात चौघांना फाशी कशी झाली, हे सगळं लोकांना पाठ आहे. गेलेली माणसं कशी होती, मागे उरलेल्या नातेवाइकांनी त्या घरांचं पुढे काय केलं, हे सांगणारा क्वचित भेटतो. फाशीपाशी गोष्ट संपते. शिक्षेने न्याय होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण ऐकणाऱ्याची सुटकाही तिनेच होते, आणि सुटका झाली की मेलेल्या माणसाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

आता रीमेकचा मुद्दा. तीच चौकट, तोच कोन, तेच संवाद; मग पुन्हा कशाला? या आक्षेपात चित्रपटसमीक्षकही प्रेक्षकांबरोबर आहेत. आपला मूळ सिनेमा अमेरिकी हिंसापटांच्या प्रेक्षकासाठीच होता आणि जर्मन भाषेमुळे तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही, असं हानेके सांगतात. हे कारण पुरेसं आहे, पण माझ्या मते रीमेकमध्ये त्याहून महत्त्वाचं काही घडलं आहे. मूळ सिनेमात सुझान लोथार आणि उलरिश म्यूए आहेत, दोघेही अव्वल नट. परंतु ऑस्ट्रिया-जर्मनीबाहेरच्या प्रेक्षकाला त्यांचे चेहरे ओळखीचे नव्हते, त्यामुळे ते मरू शकतात हे मनाने आधीच स्वीकारलेलं असतं. नेओमी वॉट्सचं तसं नाही. ‘द रिंग’मध्ये ती भुतापासून वाचली आहे, ‘किंग काँग’मध्ये राक्षसी वानराच्या मुठीतून परत आली आहे. तारकेच्या चेहऱ्यावर वाचण्याची हमी लिहिलेली असते, आणि प्रेक्षक तिकीट काढतानाच ती हमी धरून चालतो. हानेके यांनी या भूमिकेसाठी तिचाच आग्रह धरला होता. चौकट न बदलता त्यांनी फक्त ही हमी आत आणली आणि मोडली. अमेरिकी प्रेक्षकाचा राग मूळ सिनेमाच्या प्रेक्षकापेक्षा वेगळा असेल तर तो इथून आलेला आहे. जाहिरातींनी सिनेमा नेहमीचा थरारपट म्हणून विकला, ही तक्रार मात्र रास्त आहे. लहान मुलं असलेल्या आई-बापांना आपण काय पाहायला चाललो आहोत हे आधी कळायला हवं होतं.

त्या वर्षी अमेरिकेत या रीमेकची कमाई जेमतेम 13 लाख डॉलर झाली. दोनच महिन्यांनी ‘द स्ट्रेंजर्स’ आला. त्यातही निर्जन घर, त्यातही अनोळखी माणसं, त्यातही छळाला कारण नाही. तुम्ही घरी होतात एवढंच कारण. त्याने जगभरात आठ कोटींहून जास्त कमावले. ‘फनी गेम्स’ फारच थोड्या पडद्यांवर लागला होता, तेव्हा आकड्यांची सरळ तुलना करणं अन्यायाचं होईल. तरी एवढं नक्की दिसतं की विनाकारण क्रौर्य लोकांना परतवत नाही. दचकवणं, पाठलाग, अंधारातला मुखवटा हे सगळं जागच्या जागी असेल तर वाईट शेवटही लोक पचवतात. थरारच काढून घेऊन उरलेलं दुःख समोर ठेवलं की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटतं.

हानेके यांनी रीमेकमध्ये शेवट बदलला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करत बसायला नको. तसं उदाहरण 2024 मध्ये आपल्यासमोर आलं. 2022 च्या ‘स्पीक नो इव्हिल’ या डॅनिश सिनेमात पाहुणे म्हणून गेलेलं एक जोडपं संकोचापायी यजमानांचं सगळं सहन करत राहतं. त्यांच्या मुलीची जीभ कापली जाते आणि त्या दोघांना दगडांनी ठेचून मारलं जातं. अमेरिकी रीमेकमध्ये हे कुटुंब लढतं, वाचतं, मुलीची जीभ शाबूत राहते आणि खलनायक मरतो. तिकीटबारीवर तो सिनेमा उत्तम चालला. पण या नव्या शेवटात खलनायकाला मारतं कोण? ज्याची जीभ आधीच कापलेली आहे तो यजमानांच्या घरातला लहान मुलगा. तो पडलेल्या माणसाच्या डोक्यात विटेने घाव घालत राहतो, आणि कथा त्याला तिथून गाडीत बसवून घेऊन जाते. त्या मुलाचं पुढे काय झालं असेल, हे विचारायला सिनेमा थांबत नाही. आपल्याला हवा होता तो शेवट त्या पोराकडून करवून घेतला गेला. ‘फनी गेम्स’मधल्या मुलाच्याही हातात बंदूक येते. शेजारच्या घरात लपलेला असताना तो ती पॉलवर रोखतो, चाप ओढतो, आणि ती रिकामी निघते. गोळी सुटली असती तर चित्रगृहात टाळ्या पडल्या असत्या. हानेके यांनी ते काम त्या मुलावर टाकलं नाही, 1997 मध्येही नाही आणि अमेरिकेत इतका पैसा व इतकी मोठी तारका हाताशी असतानाही नाही.