डागडुजीचे श्रम

12 मे 2017 या दिवशी इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या अनेक रुग्णालयांत संगणकांच्या पडद्यावर खंडणीची मागणी झळकू लागली. ‘वॉनाक्राय’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या त्या घातक आज्ञावलीने रुग्णांच्या नोंदी कुलूपबंद करून टाकल्या होत्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालानुसार आरोग्यसेवेच्या 236 पैकी निदान 81 ट्रस्टांचे कामकाज विस्कळीत झाले आणि रुग्णांच्या 19 हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयांत न्यावे लागले. या अनर्थाचा सर्वांत खेदजनक भाग असा की, ज्या भगदाडातून हा शिरकाव झाला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच प्रसृत केली होती आणि ती बसवून घ्यावी अशा सूचनाही रुग्णालयांना गेल्या होत्या. सूचनांचे पालन झाले की नाही हे पाहण्याची व्यवस्था मात्र खात्याकडे नव्हती.

संगणक अद्ययावत ठेवणे हा एक किरकोळ उपद्रव आहे असे बहुतेकांना वाटते; संघटनांच्या कार्यालयांत बसणारे कार्यकर्तेही त्याला अपवाद नाहीत. यंत्र चालते आहे ना, मग त्याला हात कशाला लावायचा, हा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. परंतु कामगार संघटनेच्या कार्यालयातील संगणकात सभासदांची नावे आणि पत्ते असतात, वर्गणीचे हिशेब असतात, मालकाविरुद्ध कोणी कोणती तक्रार दिली याची टिपणे असतात. ती उघडी पडली तर भुर्दंड कार्यालयाला बसत नाही, त्या कामगाराला बसतो. शिवाय दुरुस्त न केलेले यंत्र दुसऱ्यांवर हल्ला करण्यासाठीही वापरले जाते. एका घराने साचू दिलेल्या पाण्यातले डास सगळ्या वस्तीला चावतात, तसाच हा प्रकार आहे.

हे काम कसे चालते हे समजून घेण्यासाठी डेबियनचे उदाहरण घ्यावे. इयन मरडॉक यांनी 1993 साली सुरू केलेली ही संगणकप्रणाली कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. सुमारे हजार अधिकृत सभासद जगभर विखुरलेले असून ते दरवर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीत जवळजवळ 70 हजार पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे एखादी आज्ञावली आणि तिला लागणारे सामान यांचे बांधलेले गाठोडे. या गाठोड्यांची देखभाल काळ्या पडद्यावर टंकित करण्याच्या दोन आज्ञांनी होते. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ या पहिल्या आज्ञेने काहीही बदलत नाही. भांडारात काय नवे आले याची यादी तेवढी आणली जाते. नवख्यांची गफलत नेमकी येथे होते. ते पहिली आज्ञा देतात आणि काम झाले असे समजून उठतात. ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ ही दुसरी आज्ञा दिली की कोणती पॅकेजे बदलणार, किती मजकूर उतरवून घ्यावा लागणार हे पडद्यावर येते आणि यंत्र विचारते, पुढे जायचे का? होकार दिल्यावरच ते पुढे जाते. संगणकाचा गाभाच बदलला असेल तर यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज दुरुस्ती लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या साध्या व्यवहारात विश्वासाची मोठी काळजी घेतलेली आहे. भांडारातील यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि प्रत्येक पॅकेजचा ठसा त्या यादीशी जोडलेला असतो. वाटेत कोणी फेरफार केला तर ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते पॅकेज नाकारते. स्थिर आवृत्तीत नवनव्या करामती घुसवण्याचा मोहही टाळला जातो. दोष सापडला की शक्यतो जुन्याच आज्ञावलीत त्या दोषापुरते ठिगळ लावले जाते. बाजारातल्या सवयीच्या अगदी उलट अशी ही शिस्त आहे. तेथे दुरुस्ती आणि जाहिरात यांचे मिश्रण एकाच घोटात पाजले जाते.

अद्ययावत करण्यातच धोका आहे, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष बदलाने सुमारे 85 लाख संगणक बंद पाडले. विमाने खोळंबली, रुग्णालये अडली. पण तेथे झाले काय? बदल कंपनीने परस्पर ढकलला होता आणि त्या प्रकारचे बदल थांबवून धरण्याची सोय ग्राहकांच्या हाती नव्हती. म्हणजे हा दाखला दुरुस्तीच्या विरुद्ध नसून, न विचारता केलेल्या दुरुस्तीच्या विरुद्ध आहे. यादी वाचून, समजून दिलेला होकार आणि दुसऱ्याने गृहीत धरलेला होकार यांत फार अंतर असते. सुरक्षेची ठिगळे आपोआप लावण्याची सोय डेबियनमध्येही आहे, आणि जेथे रोज लक्ष द्यायला माणूस नाही तेथे ती वापरणे शहाणपणाचेच. परंतु ती चालू करणे न करणे यंत्राच्या धन्याच्या हाती राहते.

तथापि खरा प्रश्न याच्याही मागे आहे. ही ठिगळे शिवतो कोण? मजकुराचा आकार लहान करणारे ‘एक्सझेड’ हे साधन जगातल्या असंख्य संगणकांवर असते. त्याची निगा अनेक वर्षे प्रामुख्याने एकच माणूस विनावेतन, फावल्या वेळात राखत होता. कामाला उशीर होतो म्हणून त्याच्यावर दडपण येऊ लागले, तेव्हा मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने दोनअडीच वर्षे चोख काम करून विश्वास संपादन केला आणि 2024 च्या आरंभी त्यात चोरदरवाजा बसवला. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीस आणला. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून त्याने माग काढला. डेबियनच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत ते विष पोहोचले होते. स्थिर आवृत्ती वाचली. येथे स्वाक्षरी आणि ठसे निरुपयोगी ठरले, कारण घात वाटेत झाला नव्हता, उगमापाशीच झाला होता.

दहा वर्षांपूर्वी, 2014 साली, ‘हार्टब्लीड’ या दोषाच्या वेळीही हेच दिसले होते. इंटरनेटवरील व्यापार ज्या ‘ओपनएसएसएल’वर उभा होता, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे 2 हजार डॉलर एवढ्याच होत्या. या साधनांवर अब्जावधींचा नफा कमावणारे भांडवल त्यांच्या डागडुजीचा खर्च स्वतःहून उचलत नाही. बोभाटा झाला की तात्पुरती थैली सोडते. सार्वजनिक रस्ता आणि सार्वजनिक विहीर यांची निगा सार्वजनिक पैशातून राखली जाते, मग येथे वेगळा न्याय का? जर्मनीच्या संघराज्य सरकारने 2022 साली अशा साधनांच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी उभारला. ज्यांचे मुख्यालय पुण्यात आहे त्या सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे. जे फुकट घेतले त्याच्या डागडुजीसाठी माणसे आणि पैसा देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते, आणि ही मागणी अंदाजपत्रकाच्या चर्चेत आग्रहाने मांडली गेली पाहिजे.

शासन जागे होईपर्यंत कार्यालयांनी हातावर हात ठेवून बसावे असे मात्र नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला आणि धडधाकट यंत्रे भंगारात निघू लागली. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर डेबियन चालते, आणि तिच्या प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण व पुढे दोन वर्षे मर्यादित आधार मिळतो. कार्यालयात एका माणसावर हे काम सोपवावे आणि दुसऱ्याला ते शिकवून ठेवावे; आठवड्याचा एक वार ठरवावा. डेबियन बसवण्याची प्रक्रिया मराठीतून पार पाडता येते, ॲप्टच्या संदेशांचाही मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केलेला आहे. नवी आवृत्ती निघाली की नवे संदेश येतात आणि त्यांचे मराठी कोणीतरी करावे लागते. संगणकाचे तंत्र फारसे अवगत नसलेल्या पण भाषा चांगली जाणणाऱ्या कार्यकर्त्यांनाही तेथे जागा आहे.