श्रद्धा आणि उत्क्रांती

उत्क्रांतिवाद पटलेल्या माणसाला ईश्वरावर श्रद्धा ठेवता येईल का? हा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांना पडतो. बायबलमध्ये सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाल्याचे सांगितले आहे. विज्ञान सांगते, की पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असून आजचे सजीव पूर्वीच्या सजीवांपासून हळूहळू उत्क्रांत झाले. मग ख्रिस्ती माणसाने काय करावे?

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एसा ग्रे हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ते निष्ठावंत ख्रिस्ती होते आणि डार्विनचे स्नेहीही. डार्विनने आपल्या सिद्धांताची रूपरेषा १८५७ मध्येच पत्राने त्यांना कळवली होती. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकेत त्याची बाजू ग्रे यांनी हिरिरीने मांडली.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे जमले नाही. सजीवांत जे बारीक फरक उपजतात, त्यांना ईश्वर हितकारक दिशा देत असावा, असे ग्रे सुचवीत. डार्विनने १८६८ मध्ये दृष्टांत देऊन उत्तर दिले. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून जुळणारे दगड निवडून कोणी घर बांधले, तर ते दगड घरासाठीच तशा आकारात फुटले, असे म्हणायचे का?

माझ्या मते येथे डार्विनचे बरोबर होते. भौतिकशास्त्रातही असेच घडले आहे. ग्रहांच्या कक्षांत बिघाड साठत जाईल आणि ईश्वराला तो सावरावा लागेल, असे न्यूटनला वाटे. पुढे लाप्लासने गणिताने दाखवले, की गुरू व शनी यांच्या गतीतील अनियमितपणा गुरुत्वाकर्षणानेच घडतो. ज्ञानातल्या फटीत ईश्वराला बसवले, की फट बुजताच श्रद्धाही बेघर होते.

म्हणून श्रद्धावंताने नियमांत अपवाद शोधू नयेत; संपूर्ण निसर्गनियमच ईश्वराचे मानावेत. जनुकशास्त्रज्ञ डॉबझान्स्की हे असेच ख्रिस्ती होते. उत्क्रांती हीच ईश्वराची निर्मितीची रीत आहे, असे त्यांनी १९७३ मध्ये लिहिले.

एक अवघड प्रश्न तरीही उरतो. काही गांधीलमाश्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खातात. दयाळू ईश्वर असे का घडवील, असे डार्विनने १८६० मध्ये ग्रे यांना विचारले होते. याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते ज्याचे त्याने शोधायचे. पण जीवाश्माचे वय मोजायला बसल्यावर आस्तिक आणि नास्तिक दोघांचेही उत्तर एकच आले पाहिजे.